सहकुटुंब तंबूवास व त्यांतील सावधगिरी

वार्षिक परीक्षा आटोपल्या, निकाल लागले आणि शाळेच्या फाटकास कुलूप पडलें, कीं मुलांच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो हा कीं, सुट्टी घालवावयाची कोठें? पूर्वींच्या काळीं या प्रश्नाचें उत्तर बहुधा ठरलेलें असे. कोंकणांतलें किंवा देशावरचें आपलें गांव, आजोळचें अंगण, आंब्याफणसांची रेलचेल आणि चुलत-मावस भावंडांचा मेळा. अजूनहि ज्यांना असें गांव आहे तीं मुलें भाग्यवान होत. परंतु ज्यांचें सारें गणगोत पवई, भांडुप, मुलुंड, अंधेरी अशा उपनगरांतच येऊन वसलें आहे, त्या कुटुंबांत अलीकडे एक निराळी टूम निघाली आहे. आईबाप व मुलें मिळून एखाद्या धरणाच्या, नदीच्या अगर समुद्राच्या कांठीं जातात, तंबू ठोकतात, आणि एकदोन रात्री उघड्या आकाशाखालीं काढून परत येतात.

ही टूम आम्हांस मनापासून पसंत आहे. पवित्र शास्त्रांतील अब्राहाम आपल्या कुटुंबकबिल्यासह तंबूंतच राहत असे, हें आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. बेडन-पॉवेल यांनीं १९०७ सालीं इंग्लंडांतील ब्राउनसी बेटावर वीसबावीस मुलांना घेऊन पहिला बालवीरांचा तळ दिला, तेव्हां त्यांचाहि विश्वास असाच होता कीं, मुलाच्या अंगचे कांहीं गुण वर्गाच्या चार भिंतींत उमलत नाहींत. नळ नाहीं, पंखा नाहीं, बटण दाबतांच लागणारा दिवा नाहीं, अशा ठिकाणीं दोन दिवस राहिलेला मुलगा घरीं परतल्यावर तांब्याभर पाण्याची किंमत ओळखूं लागतो. परंतु घराच्या भिंती मुलांचें जें रक्षण न सांगतां करीत असतात, तें काम तंबूंत आईबापांस जागें राहून करावें लागतें. आणि तें कसें करावें, याचा विचार निघण्यापूर्वीं व्हावयास पाहिजे.

सुट्टी जवळ आली कीं, कांहीं पालक आम्हांस विचारतात, ‘मास्तर, तिकडे बिबट्या तर नाहीं ना? साप फार निघतात काय?’ हे प्रश्न योग्यच आहेत. तेथील पाणी कसें आहे, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. आपल्या देशांत दर वर्षीं तीस हजारांहून अधिक माणसें पाण्यांत बुडून मरतात, असें सरकारी नोंदी सांगतात. बिबट्यांनीं मारलेल्या माणसांची संख्या या आंकड्याच्या पासंगासहि पुरणार नाहीं. सहलीस गेलेल्या कुटुंबांवर जे घाले पडतात, त्यांतील पुष्कळसे पाण्यांतच पडतात. म्हणून प्रस्तुत लेखांत पाण्याविषयीं विस्तारानें व इतर गोष्टींविषयीं बेताचें लिहिण्याचें योजिलें आहे.

पाण्याची ओळख करून घेण्यासाठीं आपणांस दूर जावयास नको. मुंबईस पाणी पुरविण्याकरितां विहारचा तलाव १८६० सालीं व तुळशीचा १८७९ सालीं झाला, आणि त्यांच्या मागून १८९१ सालीं आपला पवईचा तलाव बांधण्यांत आला. विहार व तुळशी यांचें पाणी मुंबईकर आजहि पितात. पवईचें पाणी मात्र आतां पिण्याच्या कामीं येत नाहीं. संध्याकाळीं रस्त्यावरून पाहिलें, तर हा तलाव किती निरुपद्रवी दिसतो! बगळे एका पायावर उभे असतात, पाणकावळे पंख वाळवीत बसलेले असतात, आणि कांठालगत जलपर्णीचा हिरवागार गालिचा पसरलेला असतो. हा गालिचा हाच पहिला धडा होय. त्याच्याखालीं जमीन कोठें संपली व पाणी कोठें सुरू झालें, हें डोळ्यांना कळत नाहीं. हिरवळ समजून पाऊल टाकावें, तों पाय गुडघ्यापर्यंत गाळांत जावा!

दुसरा धडा मगरीचा. या तलावांत मगरी आहेत, ही कोणी केलेली थट्टा नव्हे. ऊन्ह खाण्यासाठीं मगर कांठावर येते, तेव्हां ती वाळलेल्या ओंडक्यासारखी निश्चळ पडलेली असते. कधीं कधीं ती जबडा वासून बसते. लहान मुलांस वाटतें, ती रागावली आहे. वास्तविक अंगांतील उष्णता बाहेर टाकण्याची ती तिची रीत आहे. तिला भ्यावयाचें तें ती दिसते तेव्हां नव्हे. ती दिसत नाहीं तेव्हां. पाण्याखालीं दडून, केवळ डोळे व नाकपुड्या वर ठेवून, ती कांठावर पाणी पिण्यास येणाऱ्या जनावराची वाट पाहत असते; आणि भांडें विसळण्यास वांकलेलें लहान मूल तिच्या दृष्टीनें एखाद्या करडाहून फारसें निराळें नसतें. शिवाय आणखी एक गोष्ट. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंतच्या दिवसांत मगरीची मादी कांठावरच्या मातींत खड्डा करून त्यांत पंचवीसतीस अंडीं घालते व तीं मातीनें झांकून टाकते. सुमारें दोन महिन्यांनीं, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशीं, पिलें अंड्यांच्या आंतूनच आवाज करूं लागतात. मग आई माती उकरते व त्यांना आपल्या जबड्यांत अलगद धरून पाण्यांत नेते. मधल्या सर्व काळांत ती त्या जागेच्या आसपासच असते, आणि जवळ येणाऱ्याच्या अंगावर धांवून जाण्यास ती कमी करीत नाहीं. आपली उन्हाळ्याची सुट्टी व मगरीचें बाळंतपण हीं अशीं एकाच वेळीं येतात! २०२२ सालीं या तलावाच्या कांठानें सायकलींचा मार्ग बांधण्याचें काम मुंबई उच्च न्यायालयानें बेकायदेशीर ठरविलें, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. तलावाचा कांठ हें आधीपासूनच कोणाचें तरी घर आहे, हें विसरून चालत नाहीं.

तात्पर्य, पवईच्या कांठीं तंबू ठोकण्याचें नांवहि काढूं नये. विहार व तुळशी हे तलाव तर राखीव भागांत आहेत. परवानगीवांचून तेथें पाऊल टाकणें हाच अपराध आहे. परंतु हा तलाव रस्त्यावरून पाहण्याची मनाई कोणासहि नाहीं. पालकांनीं एखाद्या संध्याकाळीं मुलांना तेथें उभें करून विचारावें, ‘येथें पाण्याची कड तुला नेमकी कोठें दिसते?’ हा प्रश्न ज्या मुलास एकदां पडला, तो दुसऱ्या कोणत्याहि पाण्यांत धांवत शिरणार नाहीं.

बिबट्याविषयीं थोडक्यांत सांगून पुढें जाऊं. बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान सुमारें १०४ चौरस किलोमीटर आहे, आणि त्या अरण्यांत पन्नासच्या आसपास बिबटे राहतात. २००४ सालीं त्यांच्या हल्ल्यांनीं उपनगरांत मोठा हाहाकार उडाला होता. त्या अनुभवापासून लोक जें शिकले, तें असें कीं, उकिरड्यावर कुत्रीं जमतात व कुत्र्यांच्या मागें बिबट्या येतो. तंबूच्या भोंवतीं खरकटें टाकणारा गृहस्थ त्याला आमंत्रणच धाडीत असतो. दुसरें असें कीं, वांकलेलें अगर बसलेलें मूल बिबट्याला लहान जनावरासारखें दिसतें. यासाठीं अंधार पडल्यावर मुलानें शौचासहि एकटें जाऊं नये. मोठ्या माणसानें विजेरी घेऊन, मोठ्यानें बोलत, बरोबर जावें. उद्यानांतील पाड्यांवरचे वारली लोक वाघदेवाला भजतात व त्याच्या शेजारीं पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत. भीति व आदर यांचें योग्य प्रमाण कोणतें, हें त्यांच्याकडून शिकण्यासारखें आहे.

आतां ज्या ठिकाणीं मुंबईची मंडळी खरोखर तंबू ठोकतात, तिकडे वळूं. लोणावळ्याजवळचें पवना धरण, नगर जिल्ह्यांतील भंडारदरा, कर्जतकडील नद्यांचे कांठ, अलिबाग-काशीदचे किनारे, हीं त्यांतलीं मुख्य. धरणाचें पाणी हें मुळांत बुडालेलें खोरें असतें. त्याच्या तळाशीं जुनीं शेतें, बांध, विहिरी व ओढ्यांचीं पात्रें जशींच्या तशीं असतात. मे महिन्यांत पाणी खालीं उतरतें, आणि एरव्हीं बुडालेली गाळाची जमीन उघडी पडते. वरून ती वाळून भेगाळलेली दिसते, पण आंत लोण्यासारखी मऊ असते. दोन पावलांपर्यंत पाणी घोट्याइतकें, तिसऱ्याला गुडघ्याइतकें, आणि चौथें पाऊल जुन्या ओढ्याच्या पात्रांत पडलें कीं डोक्यावर! शहरांतील पोहण्याच्या हौदांत जो मुलगा बक्षीस मिळवितो, त्याची येथें विशेष फसगत होते. कारण हौदाला धरावयास कठडा असतो, तळ दिसत असतो, आणि पाणी वरपासून खालपर्यंत सारखेंच असतें. धरणाचें पाणी वर कोंबट व खालीं एकाएकीं गार असतें, आणि त्या गारठ्यानें श्वास अडखळतो. नावेंत बसावयाचें झाल्यास लाईफ-जॅकेट अंगांत घालून त्याचे बंद आवळल्याशिवाय बसूं नये. तें मांडीवर ठेवून बसणारी माणसें आम्हीं पाहिलीं आहेत.

नदीकांठची गोष्ट आणखी निराळी आहे. उन्हाळ्यांत आकाश निरभ्र असतां नदीस पूर येईल, हें शहरांतल्या माणसाच्या स्वप्नांतहि येत नाहीं. परंतु शेतीसाठीं धरणांतून उन्हाळ्यांत जें पाणी सोडतात, ज्यास खेड्यांतील लोक ‘आवर्तन’ म्हणतात, तें सुटलें कीं कोरडें पात्र कांहीं वेळांत वाहूं लागतें. प्रवरेवर १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण अशाच शेतीच्या पाण्यासाठीं आहे. कोलाडजवळच्या कुंडलिकेचेंहि उदाहरण घ्या. भिरा येथें वीज निर्माण करून जें पाणी बाहेर पडतें, त्यावर या नदीची पातळी अवलंबून असते. तेथें वेगवान पाण्यांतून नावा नेण्याचा जो खेळ चालतो, तो या सोडलेल्या पाण्याच्याच जोरावर. रात्रीं जो खडक कोरडा होता, तो सकाळीं पाण्याखालीं गेलेला असावयाचा! म्हणून तंबूची जागा पसंत करण्यापूर्वीं गांवच्या पोलिस पाटलास अगर गुरें चारणाऱ्या पोरास विचारावें, ‘पाणी कोठपर्यंत येतें?’ कांठच्या झुडपांत अडकलेला काडीकचरा व खडकांवरचे चिखलाचे पट्टे हेहि तेंच सांगत असतात. आपल्या प्रभूनें सांगितलेल्या दृष्टांतांतील ज्या मनुष्यानें वाळूवर घर बांधलें, त्याला ती जागा सपाट, मऊ व सोयीची वाटली असली पाहिजे. तंबू ठोकण्यासहि नदीची वाळू तशीच सोयीची वाटते.

ता. ३० जून १९२४ नव्हे, शंभर वर्षांनंतरच्या २०२४ च्या त्याच दिवशीं काय झालें, तें पालकांनीं मुलांस समजावून सांगावें. तो रविवार होता. लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या बाजूस जो धबधबा आहे, तेथें सहलीस आलेल्या एका कुटुंबांतील मंडळी प्रवाहाच्या मध्यावरील खडकावर उभीं होतीं. वर डोंगरांत पाऊस पडत होता. पाहतां पाहतां पाणी वाढलें, दोन्ही बाजूंची वाट तुटली, आणि एक बाई व चार मुलें अशीं पांच जणें वाहून गेलीं. कांठावर माणसें होतीं, परंतु कोणाचाहि हात पोंचला नाहीं. गुडघाभर पाण्यालाहि वेग आला म्हणजे तें धडधाकट माणसाचे पाय उचलतें. जून महिना लागला, अगर मे महिन्यांत वळवाचे ढग डोंगरावर जमले, कीं प्रवाहाच्या मधल्या खडकावर क्षणभरहि थांबूं नये. पाणी गढूळ होऊं लागलें, त्यांत पालापाचोळा वाहूं लागला, किंवा त्याचा आवाज बदलला, तर सामानसुमान जागच्या जागीं टाकून चढाकडे निघावें. आमच्या पवई-विहारच्या सांडव्याचें पाणी घेऊन वाहणारी मिठी नदी एरव्हीं केवढीशी असते! २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हां तिनें काय केलें, तें कुर्ल्याच्या वृद्धांस विचारावें.

समुद्रकांठीं तंबू ठोकणारांस भरतीओहोटीचें ज्ञान हवें. आपले कोळी लोक तें पंचांगावरून सांगतात. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची ढोबळ वेळ निघते. अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां, या प्रमाणें. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास उधाण असतें. त्या दिवसांत पाणी नेहमींच्या खुणेच्या वर चढतें. गणिताच्या वर्गांत अपूर्णांकांचा कंटाळा करणाऱ्या मुलांनीं हा हिशेब करून पाहावा व छापलेल्या वेळापत्रकाशीं ताडून घ्यावा.

पाण्याविषयींची सर्वांत महत्त्वाची गोष्ट पालकांसाठीं आहे. पांचसहा मोठीं माणसें कांठावर बसलेलीं असतात, गप्पा रंगलेल्या असतात, आणि प्रत्येकास वाटत असतें कीं, मुलांकडे दुसऱ्या कोणाचें तरी लक्ष आहे. अशा वेळींच मूल जातें. बुडणारें मूल ओरडतें, हात हालवितें, अशी जी आपली समजूत आहे, ती खोटी आहे. त्याचें तोंड पाण्याशीं बरोबरीनें खालींवर होत असतें; श्वास घेण्यासच सवड नसते, मग हांक कोठून मारणार? शिडी चढावी तसे त्याचे हात पाण्यांत चालतात, आणि मिनिटाभरांत सर्व शांत होतें. म्हणून पाळी लावावी. अर्धा तास एकानेंच पाण्याकडे पाहावें. त्या अर्ध्या तासांत त्यानें पत्ते खेळूं नयेत, मोबाईल हातांत घेऊं नये, आणि स्वयंपाकाकडे वळूनहि पाहूं नये. गळ्यांत शिटी बांधावी. पाळी संपली कीं ती शिटी दुसऱ्याच्या गळ्यांत घालावी. ‘आतां तूं पाहा’ असें नुसतें म्हणून उठूं नये.

आणि तरीहि कोणी बुडूं लागलें तर? दर वर्षीं मे महिन्यांत वर्तमानपत्रांत येणाऱ्या बातम्या पाहा. एक मुलगा बुडूं लागतो, त्याला वांचविण्यास भाऊ उडी घेतो, भावाला वांचविण्यास बाप, आणि शेवटीं तीन प्रेतें काढावीं लागतात. बुडणारा मनुष्य हातीं लागेल त्याला मिठी मारतो. त्याच्या मिठींतून सुटण्याचें शिक्षण ज्याला नाहीं, त्यानें पाण्यांत उतरणें हें धैर्याचें कृत्य असलें तरी उपयोगाचें नाहीं. कांठावर पालथें पडून काठी पुढें करावी. नऊवारी लुगडें, पांचवारी पातळ किंवा ओढण्या एकमेकींस बांधून त्यांचें टोंक फेंकावें. पाण्याचा रिकामा डबा बूच घट्ट लावून, दोरीस बांधून टाकला, तर तो मोठ्या माणसासहि तरंगत ठेवतो. असा एक डबा व वीस हात दोर तंबूच्या दाराशीं सदैव असावा. बाहेर काढलेल्या मुलास उलटें टांगून फिरविण्याची व पोट दाबून पाणी काढण्याची जी जुनी चाल आहे, ती सोडून द्यावी. तिच्यांत मोलाचीं मिनिटें जातात. श्वास चालत नसेल तर मुलाची मान किंचित् मागें करून, नाक धरून, तोंडानें त्याच्या छातींत श्वास भरावा, आणि मग छातीच्या मध्यावर जोरानें व वेगानें तीस वेळां दाबून पुन्हां दोन श्वास द्यावे. डॉक्टर येईपर्यंत हेंच चालू ठेवावें. ही क्रिया वाचून येत नाहीं, कोणी जाणत्यानें पुतळ्यावर करून दाखवावी लागते. प्रत्येक कुटुंबांतील निदान एकानें ती शिकल्यावांचून पाण्याच्या कांठीं मुक्काम करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

रात्रीची झोंप हा दुसरा विषय. सर्पदंशानें आपल्या देशांत २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारें बारा लाख माणसें दगावलीं, असा संशोधकांचा अंदाज आहे. हा आंकडा भयंकर आहे. मात्र त्यांत सहलीस गेलेलीं माणसें थोडीं, आणि शेतांत राबणारीं व जमिनीवर निजणारीं फार. नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे आपल्याकडील चार मुख्य विषारी साप. नाग फणा काढून व घोणस फुत्कारून निदान सूचना तरी देते. मण्यार हा साप मात्र रात्रीं हिंडतो, उबेसाठीं अगर भक्ष्याच्या मागानें अंथरुणांत शिरतो, आणि त्याचा दंश इतका बारीक असतो कीं, निजलेला मनुष्य कधीं कधीं जागाहि होत नाहीं. पहांटे पोटांत कळ येते, पापण्या जड होतात, बोलणें अडखळतें. आणि घरचीं माणसें समजतात कीं, रात्रींचें जेवण बाधलें! तंबूंत निजलेल्या मुलास सकाळीं अशीं चिन्हें दिसलीं, तर अंगावर खूण सांपडो न सांपडो, तडक दवाखाना गांठावा. शक्य तेथें खाटेवर निजावें. जमिनीवर निजणें भाग असेल तर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखालीं चोहोंकडून खोंचाव्या. तंबूचें दार दिवसाहि बंद असावें, आणि सकाळीं जोडा झाडल्यावांचून पायांत घालूं नये.

दंश झालाच, तर जखमेला चिरा देणें, तोंडानें विष ओढणें, दोरीनें करकचून बांधणें, यांतलें कांहींहि करूं नये. तो अवयव खपाटी बांधून स्थिर ठेवावा, रोग्यास चालवूं नये, आणि सापास मारण्यांत किंवा पकडण्यांत वेळ घालवूं नये. या चौघांच्या विषांवर मिळून चालणारें औषध तयार करण्याचें काम परळच्या हाफकिन संस्थेनें पुष्कळ वर्षें केलें. तीच ही संस्था, जी १८९९ सालीं प्लेगच्या संशोधनासाठीं निघाली होती. हें औषध सरकारी रुग्णालयांत मिळतें; मांत्रिकाच्या ओट्यावर मिळत नाहीं. कोंकणांतील लाल विंचवाविषयींहि हेंच. पूर्वीं या विंचवाच्या दंशानें हृदय बिघडून मुलें पटापट जात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं एका लहान गांवांत रोग्यांच्या उशाशीं रात्री जागून त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपाय शोधून काढला व १९८६ सालीं तो जगापुढें मांडला. २०२२ सालीं सरकारनें त्यांना पद्मश्री दिली. विंचू चावलेल्या मुलास घाम सुटून हातपाय गार पडूं लागले, तर उतारा शोधीत बसण्यापेक्षां हें औषध ज्या दवाखान्यांत आहे तेथें जाणें बरें.

आगीचें थोडें सांगतों. मे महिन्यांत डोंगरावरचें गवत बारुदासारखें असतें, आणि वनखात्याच्या हद्दींत शेकोटी पेटविण्यास मनाई असते. जेथें परवानगी असेल तेथेंहि, निजण्यापूर्वीं राखेंत हात घालतां येईल इतकें पाणी तिच्यावर ओतावें. त्याहून वाईट धोका निराळाच आहे, आणि त्याला धूर नाहीं, वास नाहीं. कोळशाची शेगडी किंवा गॅसची चूल बंद तंबूंत पेटत राहिली, तर कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु सांठतो. त्यानें मनुष्य झोंपेंतून उठतच नाहीं. जानेवारी २०२० मध्यें नेपाळांतील दामन येथें सहलीस गेलेलीं केरळांतील आठ माणसें, त्यांत चार मुलें, एका खोलींत शेगडी लावून निजलीं, तीं सर्व दगावलीं. भंडारदऱ्यास रात्रीं गारठा पडतो, वळवाची सर आली कीं चूल आंत ओढावीशी वाटते. ती आंत ओढूं नये. उपाशी निजलेलें पुरवलें.

विजेसाठीं तंबू हा आसरा नव्हे; एकटें झाड तर नव्हेच. आपल्या देशांत वीज पडून दर वर्षीं अडीच हजारांहून अधिक माणसें मरतात. चमक दिसल्यावर सेकंद मोजावे. तीन सेकंदांस एक किलोमीटर, असें अंतर धरावें. तीस सेकंदांच्या आंत गडगडाट ऐकूं आला, तर पक्क्या घरांत किंवा मोटारींत जाऊन बसावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊं नये.

उन्हाची बाधा ही आपणांस इतकी ओळखीची वाटते कीं, आपण तिला मोजीतच नाहीं. १६ एप्रिल २०२३ रोजीं आपल्या खाडीपलीकडे खारघर येथें एका भर दुपारच्या समारंभांत बसलेल्यांपैकीं चौदा माणसें उष्माघातानें दगावलीं. दुपारीं बारा ते चार तंबू म्हणजे भट्टीच. त्यांत तान्हें मूल निजवूं नये, आणि बंद मोटारींत तर पांच मिनिटेंहि ठेवूं नये. एक लिटर शुद्ध पाण्यांत सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातलें, म्हणजे जलसंजीवनी झाली. उन्हानें गळून गेलेल्यास व जुलाब होणाऱ्यास ती घोटघोट द्यावी. परंतु अंग तापून मूल असंबद्ध बोलूं लागलें, तर पाजण्याच्या भरीस न पडतां त्याला सावलींत नेऊन अंगावर पाणी ओतावें, वारा घालावा, आणि त्याच स्थितींत दवाखान्याकडे न्यावें.

निघण्यापूर्वीं एका कागदावर आपला बेत लिहून तो शेजारीं द्यावा. कोठें जाणार, कोणाच्या जागेंत राहणार, मोटारीचा क्रमांक काय, आणि कोणत्या दिवशीं किती वाजेपर्यंत परतणार. डोंगरांत मोबाईल चालेलच असें नाहीं. वेळ टळून गेल्यावर शेजाऱ्यानें कोणास कळवावें, हेंहि त्यांत असावें. मुलांनीं तीन क्रमांक पाठ करावे : कोणत्याहि संकटांत ११२, रुग्णवाहिकेसाठीं १०८, आणि वनखात्यास हांक मारण्यासाठीं १९२६. याशिवाय तंबू जेथें ठोकला त्या गांवाचें, त्याच्या तालुक्याचें व जवळच्या ठळक खुणेचें नांव प्रत्येक मुलानें, अगदीं पहिलींतल्यानेंसुद्धां, पहिल्याच संध्याकाळीं पाठ म्हणून दाखवावें. मदतीस येणारा मनुष्य तारेच्या पलीकडून पहिली गोष्ट तीच विचारतो, आणि त्या वेळीं फोन कदाचित् मुलाच्याच हातांत असेल.